डॉक्टरची चिठ्ठी : आपल्या हातातला कायदा



खडकीतल्या आपल्या कोणत्याही वस्तीत जा, बहुतेक घरांत खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली दिसेल. तिच्यात आजीच्या बीपीच्या गोळ्या, पोराच्या तापाच्या औषधाची अर्धी बाटली, मागच्या वर्षीच्या खोकल्याच्या चार गोळ्या आणि कात्रीने कापलेले स्ट्रिपचे तुकडे असतात. कापताना गोळीचे नाव एका तुकड्यावर गेलेले असते आणि मुदत दुसऱ्या. डॉक्टरची चिठ्ठी मात्र पिशवीत नसते, मेडिकलचे बिलही नसते. चिठ्ठी औषध घेतल्यावर टाकून दिलेली असते आणि बिल मागितलेलेच नसते.

चिठ्ठी आणि बिल या दोन कागदांबद्दल या वेळच्या आरोग्य पानावर बोलायचे आहे. औषधाच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध आपल्याकडे कडक कायदे आहेत. पण त्यांचा उपयोग करायचा तर हे दोन कागद हातात लागतात. कागद नसेल तर फसवणारा सुटतो आणि पुष्कळदा आपलेच पोर अडकते.

कायदे कोणते, अंमल कोणाचा

औषधांचा मुख्य कायदा म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०, आणि त्याखालचे १९४५ चे नियम. कायदा केंद्राचा असला तरी मेडिकल दुकानाला परवाना देणे, तपासणी करणे आणि खटला भरणे ही कामे राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते. त्यालाच आपण एफडीए म्हणतो. औषध कोणी द्यायचे हे फार्मसी कायदा, १९४८ सांगतो. डॉक्टर म्हणून कोणी बसायचे यासाठी आपल्या राज्याचा महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ आहे. नशा आणणाऱ्या औषधांसाठी १९८५ चा अंमली पदार्थविरोधी कायदा, म्हणजे एनडीपीएस, आहे. चिठ्ठीत खाडाखोड केली किंवा खोटी चिठ्ठी बनवली तर भारतीय न्याय संहिता लागते.

चिठ्ठीत काय असले पाहिजे

औषध नियमांतील ६५ व्या नियमात चिठ्ठी कशी असावी हे स्पष्ट दिले आहे. ती लेखी असावी आणि तिच्यावर डॉक्टरची सही व तारीख असावी. रुग्णाचे नाव व पत्ता असावा. औषध एकूण किती द्यायचे आणि एका वेळी किती घ्यायचे, हे दोन्ही आकडे असावेत. शिवाय डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर द्यायला हवा, असे मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम सांगतात. २०१६ पासून औषधाचे मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, वाचता येईल अशा अक्षरांत लिहिणेही अपेक्षित आहे.

मूळ नाव लिहिलेले असले तर जनऔषधी केंद्रातून तेच औषध कमी किमतीत घेता येते. फक्त कंपनीचे नाव लिहिलेले असेल, तर चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधाच्या जागी मेडिकलवाल्याने परस्पर दुसरे औषध देणे नियमात बसत नाही. "ते संपलंय, हे घ्या, एकच आहे" असे तो म्हणाला, तर आधी डॉक्टरला फोन करून विचारा. डॉक्टरसमोर बसलो असतानाच "साहेब, औषधाचं मूळ नाव लिहून द्या" एवढे म्हणावे. यात संकोच कशाचा?

आणखी एक नियम फारसा कोणाला माहीत नसतो. एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचे असते. डॉक्टरने "पुन्हा द्यावे" असे लिहिले असेल, तरच ते पुन्हा देता येते. औषध देताना दुकानदाराने चिठ्ठीवर आपल्या दुकानाचे नाव, पत्ता आणि तारीख टाकायची असते. साखर किंवा बीपीच्या रुग्णांना रोजची गोळी लागते. त्यांनी डॉक्टरकडून "दर महिन्याला, तीन महिने" असे स्पष्ट लिहून घ्यावे. मग दर महिन्याला तपासणीची फी भरावी लागत नाही आणि नियमही मोडत नाही.

स्ट्रिपवरच्या खुणा

ज्या स्ट्रिपवर "आरएक्स" अशी खूण किंवा उभी लाल रेघ असते, ते औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. अशा औषधांची यादी म्हणजे अनुसूची एच. तिच्याहून कडक यादी एच-१. ती १ मार्च २०१४ पासून लागू आहे. तिच्यात जास्त ताकदीची अँटिबायोटिक, झोपेच्या व चिंतेच्या काही गोळ्या, कोडीन, ट्रामाडोल आणि टीबीची औषधे आहेत. ही औषधे विकताना दुकानदाराने वेगळ्या वहीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले हे लिहायचे असते. ती वही तीन वर्षे जपायची असते. सर्वात कडक यादी एक्स. तिच्यातल्या औषधाची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे ठेवायची असते.

टीबीची औषधे या यादीत का घातली? टीबीच्या गोळ्या निदान सहा महिने, एकही दिवस न चुकवता घ्याव्या लागतात. कोणी मेडिकलमधून महिनाभराच्या गोळ्या आणतो, बरे वाटले की सोडतो. मग जंतू त्या गोळीला दाद देत नाही आणि तोच जंतू दहा बाय दहाच्या खोलीत झोपणाऱ्या बाकीच्या चौघांना लागतो. सरकारी केंद्रात ही औषधे फुकट मिळतात. औंधचे उरो रुग्णालय खडकीपासून दूर नाही. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर मेडिकलच्या काउंटरवर औषध मागू नका. कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढा आणि थुंकी तपासून घ्या.

बाहेरून होणारी फसवणूक

पहिली फसवणूक बोगस डॉक्टरची. याच्याकडे पाटीवर पदवी असते, पण नोंदणी क्रमांक नसतो. तो चिठ्ठी लिहीत नाही, स्वतःजवळच्या सुट्या गोळ्या आणि कागदात बांधलेल्या पुड्या देतो. गुडघेदुखी, दमा, अंगदुखी यांवर दोन दिवसांत गुण येतो, कारण अशा पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड असते. वर्षभर ते पोटात गेले की चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. नोंदणी नसताना डॉक्टरकी करणे हा १९६१ च्या राज्य कायद्याच्या ३३ व्या कलमाखाली गुन्हा आहे. ओळख साधी आहे : जो आपण काय दिले ते लिहून द्यायला तयार नाही, त्याचे औषध घेऊ नये.

दुसरी फसवणूक मेडिकलच्या काउंटरवर होते. दुकानात फार्मासिस्टचे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि फार्मासिस्ट स्वतः कधीच नसतो. नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज दुसऱ्याने डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध देणे हा फार्मसी कायद्याच्या ४२ व्या कलमाखाली गुन्हा आहे. त्याला कैद होऊ शकते. परवान्याशिवाय औषध विकले तर शिक्षा निदान तीन वर्षांची आहे.

तिसरी आणि सर्वात भयंकर फसवणूक म्हणजे खोटे औषध. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतचा कारभार किती सडला होता ते उघड झाले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधातून तेच विष वीसहून अधिक लेकरांच्या पोटात गेले. त्यांतली अनेक लेकरे उपचारासाठी नागपूरला आणली होती. त्या वेळी महाराष्ट्राच्या एफडीएने लोकांना सावध केले ते "कोल्ड्रिफ, बॅच क्रमांक एसआर-१३" असे सांगून. विचार करा, ज्या आईने बाटलीवरचे लेबल फाडून टाकले होते आणि बिल घेतले नव्हते, तिने आपली बाटली त्या बॅचची आहे की नाही हे कसे ओळखावे?

२०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून एफडीएने सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा नमुना घेतला. तपासणीत गोळीत औषधच निघाले नाही. पुढे पोलिस तपासात कळले की टाल्कम पावडर आणि स्टार्च यांच्या गोळ्या करून त्या सरकारी रुग्णालयांना पुरवल्या जात होत्या. सरकारी दवाखान्यात जाणारा माणूस कोण असतो, हे आपल्याला सांगायला नको. जंतुसंसर्गाने तापलेला गरीब माणूस ती गोळी विश्वासाने घेत होता.

अशा गुन्ह्याला कायदा सौम्य नाही. खोट्या औषधाने मृत्यू झाला किंवा गंभीर इजा झाली, तर २७ व्या कलमाखाली निदान दहा वर्षे ते जन्मठेप आणि निदान दहा लाख रुपये दंड आहे. २००८ च्या दुरुस्तीने हा दंड पीडिताला किंवा त्याच्या वारसाला द्यावा असे ठरवले आहे. पण ते औषध याच दुकानातून, याच बॅचचे, याच रुग्णासाठी घेतले होते हे दाखवायचे कशाने? चिठ्ठीने आणि बिलाने.

आपल्याच घरातून होणारी फसवणूक

आता थोडे कडू बोलू या. सगळी फसवणूक बाहेरचेच करतात असे नाही.

समजा, आजीला झोप येत नाही म्हणून डॉक्टरने अल्प्राझोलमच्या दहा गोळ्या लिहून दिल्या. नातू त्या चिठ्ठीची झेरॉक्स काढतो. दहाच्या पुढे एक शून्य वाढवतो. तीच झेरॉक्स खडकी बाजारात, मग बोपोडीत, मग दापोडीत दाखवतो. आजीला यातले काही ठाऊक नसते, पण प्रत्येक वहीत नाव तिचे लागते. मालेगावात याच गोळीला "कुत्ता गोळी" म्हणतात. नायट्राझेपामसारख्या झोपेच्या गोळीला पोरे "बटन" म्हणतात. कोणी खोकल्याचे कोडीनवाले औषध बाटलीच्या बाटली पितात. मेफेंटरमाईन हे इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असते. व्यायामशाळेतली पोरे दम वाढतो म्हणून ते टोचून घेतात आणि हृदयाशी खेळतात. ते चोरून विकणाऱ्यांना पुणे आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी गेल्या काही वर्षांत पकडले आहे.

पोराला वाटते, "ही गोळी मेडिकलमध्ये मिळते, म्हणजे हा गांजा-ब्राऊन शुगर थोडाच आहे?" हीच चूक आयुष्य उद्ध्वस्त करते. अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, कोडीन ही औषधे एनडीपीएस कायद्यात येतात. ट्रामाडोलही २०१८ पासून त्यात आहे. चिठ्ठीवर, आजारासाठी घेतले तर ते औषध. चिठ्ठीशिवाय बाळगले किंवा विकले तर तो अंमली पदार्थ.

अल्प्राझोलमचे "अल्प प्रमाण" ५ ग्रॅम आणि "व्यापारी प्रमाण" १०० ग्रॅम ठरवलेले आहे. गोळीत औषध अर्धाच मिलिग्रॅम असते, म्हणून हिशेब फार लांबचा वाटतो. परंतु २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात सांगितले की मिश्रणातला साधा पदार्थ वगळायचा नाही, संपूर्ण वजन धरायचे. एक गोळी १०० मिलिग्रॅम वजनाची धरली तर ५० गोळ्यांतच ५ ग्रॅम भरतात आणि हजार गोळ्यांत १०० ग्रॅम. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी आहे. त्याच्या वर दहा वर्षांपर्यंत. व्यापारी प्रमाणाला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त वीस वर्षे. खोट्या चिठ्ठीचा गुन्हा वेगळा : फसवण्यासाठी खोटा कागद बनवला, तर भारतीय न्याय संहितेच्या ३३६ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत कैद, आणि तो कागद खरा म्हणून वापरणाऱ्याला ३४० व्या कलमाखाली तीच शिक्षा.

पंचशीलातले पाचवे शील आपण रोज घेतो. ते केवळ दारूच्या बाटलीपुरते नाही. मनाचा ताबा घालवून माणसाला बेसावध करणारी प्रत्येक नशा त्यात येते, मग ती गुत्त्यातून आलेली असो की चांदीच्या कागदातल्या गोळीतून. आणि चिठ्ठीवर शून्य वाढवणारा त्याच क्षणी चौथे शीलही मोडतो.

मात्र ज्या पोराला सवय लागली आहे, त्याला मारहाण करून किंवा घराबाहेर काढून ती सुटत नाही. झोपेच्या गोळ्या बरेच दिवस घेऊन एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात. दारूबरोबर घेतल्या तर श्वास थांबू शकतो. म्हणून त्या डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवाव्या लागतात. एनडीपीएस कायद्यातही वाट ठेवली आहे : सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर ६४-अ कलमाखाली त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण जाऊ शकते. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे. नशामुक्तीसाठी सरकारचा मोफत फोन क्रमांक १४४४६ आहे.

घरात आजपासून काय करायचे

१. डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या. नाव, तारीख, सही, नोंदणी क्रमांक आणि गोळ्यांची संख्या तिथेच पाहून घ्या. संख्या अंकात आणि अक्षरात लिहून घेतली तर कोणाला वाढवता येणार नाही.

२. मेडिकलमधून बिल घ्या. बिलावर औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत आहे का ते वाचा. "बिल घेतलं तर महाग पडेल" असे सांगितले तर दुकान बदला.

३. स्ट्रिप कापून घेतली असेल तर नाव, बॅच आणि मुदत असलेल्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० नावाजलेल्या औषधांच्या वेष्टनावर क्यूआर कोड सक्तीचा आहे. घरातल्या शिकलेल्या मुलीला तो तपासायला सांगा.

४. चिठ्ठी आणि बिल एकत्र टाचून वर्षभर एका फाइलमध्ये ठेवा. झोपेच्या आणि वेदनेच्या गोळ्या कुलपात ठेवा व मोजून ठेवा. आपली चिठ्ठी शेजाऱ्याला "तुलाही हाच त्रास आहे ना" म्हणून देऊ नका.

५. औषधाचा संशय आला तर ते फेकू नका. उरलेले औषध वेष्टनासह ठेवा आणि एफडीएच्या १८००-२२२-३६५ या मोफत क्रमांकावर कळवा. कायद्याच्या २६ व्या कलमानुसार कोणताही नागरिक अर्ज करून आणि ठरलेली फी भरून औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो आणि त्याला सहीचा अहवाल मिळतो. एकट्याला जड वाटले तर महिला मंडळाने मिळून अर्ज करावा.

६. घरातले कोणी पोलिस प्रकरणात अडकले तर दलालाला पैसे देऊ नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली अनुसूचित जातींच्या लोकांना, स्त्रियांना आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर आपण बौद्ध म्हणूनही अनुसूचित जातीत आहोत, हे लक्षात असू द्या. क्रमांक १५१००. पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर न्यायालयात आहे.

शेवटी एक जुना नियम

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे घ्यायची मुभा दिली. पण ती साठवण्याची मर्यादा सात दिवसांची ठेवली. कारण उघड आहे. गरजेपलीकडे साठवलेले औषध हळूहळू औषध राहत नाही, त्याची चैन होते. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नियम आणि आजच्या चिठ्ठीवरचा "इतक्याच गोळ्या" हा आकडा एकाच समजुतीतून आले आहेत : औषध आजाऱ्यासाठी, लागेल तेवढे, लागेल तितके दिवस.

येत्या रविवारी वंदनेला विहारात येताना प्रत्येक घराने खिळ्यावरची ती पिशवी घेऊन यावे, अशी विनंती आहे. वस्तीतली एखादी नर्सताई किंवा फार्मसी शिकणारा मुलगा बोलवा. मुदत संपलेले बाजूला काढा, नाव नसलेले बाजूला काढा, उरलेल्यांवर घरातल्या कोणाचे औषध आहे ते लिहा. तासाभराचे काम आहे. ज्या महामानवाने आपल्या हातात लेखणी आणि कायदा दिला, त्यांच्या लेकरांच्या घरात औषधाचा कागद तरी जपलेला असावा.

भवतु सब्ब मंगलं!